कासवानंतर झिपरी

एका जंगलात, आपल्या नव्हे हं बाळांनो, पार पलीकडच्या, एक हायस्कूल होतं. वडाच्या फांद्या हीच बाकं. नववीला भाषा शिकवायला बगळे गुरुजी. एका पायावर उभे राहून तास घ्यायचे आणि दर चौथ्या ओळीला खोकायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी स्वतः धडा वाचायचा. मग पहिल्या फांदीपासून एकेकानं उठून मोठ्यानं वाचायचं.

तिसऱ्या फांदीवर कासव. चौथ्या फांदीवर मुंगसाची झिपरी. कासवाचं वाचन संपत आलं की झिपरीच्या अंगात यायचं. एकदा तिनं माकडाची शेपटी फांदीला बांधली. एकदा फळ्यामागे बेडूक सोडला. एकदा लांडग्यासारखी अशी ओरडली, की ससे थेट घरी जाऊन जेवायला बसले.

"बाहेर!" गुरुजी ओरडायचे आणि वहीत शेरा लिहायचे : वर्तन असभ्य.

झिपरी हसत बाहेर जायची. असे नऊ शेरे झाले. दहाव्याला शाळेतून नाव कमी!

झिपरीच्या बिळाशेजारी एक साळुंकीकाकू राहायची. दुसऱ्यांच्या बिळात डोकावायची तिला खोड. खोड कसली, काळजीच ती! तिनं बाहेर उभ्या झिपरीला गाठलं.

"काय गं भवाने, गणिताला गरीब गाय असतेस. मग कासव वाचून झालं की काय होतं तुला?"

झिपरी नखानं माती उकरत राहिली.

"काकू, कासवानंतर माझा नंबर असतो. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी पळतात हो. मी वाचायला लागले की सगळे हसतात. बेडूक सोडला तरी हसतात, पण ते हसणं बरं असतं."

काकूनं तडक शाळा समिती गाठली.

"साहेब, पोरगी वात्रट नाही. तिला अक्षरं धरता येत नाहीत. बघा ना, नेहमी कासवानंतरच होतं!"

अध्यक्ष गवेसाहेबांनी शिंग खाजवलं. "कासवानंतरच?"

"कासवानंतरच!"

"मग दोष कासवाचा."

ठराव एकमतानं मंजूर. कासवाची रवानगी मागच्या फांदीवर. ते इतकं खूश झालं, की दोन दिवसांनी हसलं.

दुसऱ्या दिवशी कासवाच्या जागी ससा आला. तो भर्रकन वाचून मोकळा! बेडूक अजून झिपरीच्या मुठीतच.

"झिपरी, वाच."

वरच्या फांदीवर डोकावायला आलेल्या काकूनं जन्मात पहिल्यांदा चोच मिटली.

झिपरीनं पुस्तक उघडलं. मुंग्या पळाल्या. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. कासवाच्या कृपेनं तो एकच धडा महिनाभर चालला होता. गुरुजींच्या तोंडून ऐकून ऐकून तिला पाठ. चौथ्या ओळीला ती खोकली. आठव्या ओळीला खोकली. मध्येच गरजली, "मागे कोण घोरतंय रे? आईबापांनी घोरायला पाठवलंय का?" आणि पुन्हा धडा!

वर्ग फांद्यांवरून पडायचाच बाकी राहिला. गुरुजींनी दुसरा पायही खाली टेकवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"वा! असं वाचन या जंगलात आजवर मला एकट्यालाच जमायचं. आणि काय खोकलीस!"

"गुरुजी, खरंच सांगते, मला वाचता येत नाही."

"वर हा विनय!" म्हणत गुरुजींनी नऊच्या नऊ शेरे खोडले आणि लिहिलं : वाचन आदर्श.

झिपरीचं नाव राहिलं. मुंग्याही राहिल्या. म्हणून काकू आता रोज संध्याकाळी तिच्या दारात बसून उद्याचा धडा मोठ्यानं वाचते. काकू शिकलेली चौथी, त्यामुळे अडखळते. मग कुठं खोकायचं ते झिपरी सांगते. कासवही येतं. परवा निघालं होतं, काल पोचलं.

तात्पर्य : बाळांनो, वाचता येत नसेल तर गुरुजींना खरं सांगत बसू नका. खोकायला शिका. आणि शेजारीण चोंबडी असेल, तर बिळाचं दार उघडं ठेवा.