सूर्याच्या अंतराबाबत आमच्या मोहल्ल्याचा ठराव

कोणत्याही मोहल्ल्याला तीन मूलभूत सुविधा लागतात: नळ, नाली आणि जाणकार. दर्यापुरात आमच्या मोहल्ल्यात नळाला पाणी दिवसाआड येतं आणि नालीतून ते कधीच जात नाही, पण जाणकार मात्र बारमाही उपलब्ध असतो. (विचारलं की उत्तर मिळतं, असा नागरिकांचा अनुभव आहे. न विचारताही मिळतं, असाही आहे.)

हे पद कित्येक वर्षं पंजाबरावांकडे होतं. पंजाबराव बाजार समितीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर येऊन बसत आणि कामकाज सुरू होई. पदाला मानधन नाही; पहिला चहा आणि भिंतीला टेकायची जागा, एवढंच. पात्रताही एकच, की उत्तर देताना अडखळायचं नाही. कपाशीवरची बोंडअळी, अमेरिकेची निवडणूक, मूळव्याध आणि ग्रहतारे हे विषय त्यांच्या अखत्यारीत येत. पैकी ग्रहताऱ्यांबद्दल तक्रारी सर्वांत कमी होत्या, कारण तिथं जाऊन आलेला मोहल्ल्यात कोणी नव्हता.

अडचण त्यांच्या घरातूनच उभी राहिली. धाकटी मुलगी प्रणाली स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सामान्य विज्ञानाचा पेपर तिला जड जाई, म्हणून ती मोबाइलवर एआयला विचारून शिकू लागली. हे एआय एकच गोष्ट सात वेळा विचारली तरी आवाज चढवत नसे. (त्यावरूनच ते वऱ्हाडातलं नाही हे उघड होतं.)

मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी पारा पंचेचाळीसच्या वर जाऊन आला होता. पंजाबरावांनी दरवर्षीप्रमाणे स्पष्टीकरण दिलं. "उन्हाळ्यात सूर्य जवळ येते, म्हणून तापते. हिवाळ्यात दूर जाते, म्हणून थंडी पडते. साधी गोष्ट हाय."

प्रणाली त्यांना घराची किल्ली द्यायला आली होती. ती म्हणाली, "बाबा, उलटं हाय. सूर्य आता लांब हाय. जवळ होता जानेवारीत."

सगळ्यात आधी आवाज चढला केशवरावांचा. केशवरावांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे आणि उन्हाळ्याबद्दल त्यांची मतं स्वाभाविकच ठाम आहेत. "आमी इथं पापडासारखे भाजून राहिलो अन् तू म्हणते सूर्य दूर गेला? कोठी गेला वो? चिखलदऱ्याले, थंड हवा खायाले?"

प्रश्न गंभीर असल्याने तो लगेच मतदानाला टाकण्यात आला. सूर्य जवळ असल्याच्या बाजूने सगळे हात वर झाले. (वामनरावांना डुलकी लागली होती, त्यांचा हात शेजाऱ्यानं वर केला.) प्रणालीचं मत धरलं नाही, कारण ती ओट्याची सदस्य नव्हती. ओट्यावर बसायला बायकांना बंदी नाही. त्या बसत नाहीत, इतकंच. आणि का बसत नाहीत ते त्यांना कोणी विचारलेलं नाही.

तरीही एकतर्फी निकाल नको म्हणून एआयला आपली बाजू मांडायची संधी दिली गेली. पंजाबरावांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. "हे पाय बापू, मी एकाहत्तर उन्हाळे पाह्यले. सूर्य जवळ येते का नाई?"

मोबाइल म्हणाला, "तुमचा प्रश्न खूप छान आहे. एकाहत्तर उन्हाळ्यांचा अनुभव फार मोलाचा आहे. मात्र..."

"झालं!" पंजाबरावांनी मोबाइल बंद केला. "मोलाचा म्हणते."

प्रणालीनं तो घेऊन पुढचं ऐकवलं. जानेवारीपेक्षा मे महिन्यात पृथ्वी सूर्यापासून चाळीसेक लाख किलोमीटर जास्त लांब असते. उन्हाळा होतो तो पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. आपली बाजू सूर्याकडे झुकली की किरणं सरळ पडतात आणि दिवसही मोठा होतो. इथवर दोघेतिघे थोडे डळमळले होते. पण शेवटी मोबाइल म्हणाला, "माझ्याकडून चूक होऊ शकते. महत्त्वाची माहिती कृपया तपासून घ्या."

तिथंच त्याची उमेदवारी संपली. केशवराव म्हणाले, "ज्याले सोताचाच भरवसा नाई, त्याले काय विचारता?" हे सर्वांना पटलं. तपासायचंच असतं तर लोक ओट्यावर कशाला आले असते?

पंजाबराव विजयी होऊन घरी गेले.

रविवारी सकाळी थोरल्या मुलाचा, शेखरचा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. तो तिकडे नोकरीला आहे. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, नाक लाल. मागच्या खिडकीत भर दुपारचं ऊन दिसत होतं.

"काय रे, ताप हाय का?" पंजाबरावांनी विचारलं.

"नाई बाबा. थंडी पडून राहिली. हिवाळा लागला इथं."

"मे महिन्यात?"

"इथं याच दिवसांत लागते. दरसाल सांगतो मी तुमाले."

सांगत होता, हे खरं. त्याच्या आईनं, वच्छलाबाईंनी, म्हणूनच फेब्रुवारीत स्वेटर विणायला घेतला होता. आताही त्या मोबाइलमध्ये डोकावून स्वेटरच्या बाह्या पुरतात का ते बघत होत्या. बघताबघताच त्या म्हणाल्या, "अवो, सूर्य तर एकच हाय ना? का शेखरले दुसरा देला?"

कॉल संपल्यावर पंजाबराव उठले, फ्रीज उघडून उभे राहिले, काही न घेता तो बंद केला आणि परत येऊन बसले. सूर्य जवळ आला तर दर्यापूरला आला तसा मेलबर्नलाही यायला हवा. हे इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"प्रणाली," ते हळू आवाजात म्हणाले, "काहून होते तसं?"

वच्छलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द नवऱ्याच्या तोंडून त्यांनी फक्त भांडणात ऐकला होता.

प्रणालीनं पडदे ओढले, टरबूज आणलं, पेनानं वरच्या अर्ध्यात दर्यापूर आणि खालच्यात मेलबर्न काढलं, आणि मोबाइलचा टॉर्च स्टुलावर ठेवला. टरबूज कललेलं धरलं तेव्हा दर्यापुरावर उजेड सरळ पडला. मग कल तसाच ठेवून पंजाबरावांनी स्वतः ते स्टुलाच्या पलीकडे नेलं. आता मेलबर्न झगझगीत, आणि दर्यापुरावर तिरपा, पसरलेला, फिका उजेड. त्यांनी पुन्हा फेरी मारली. आणखी एक मारली. वच्छलाबाई सुरी घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "थांब वो जरासं, डिसेंबर होऊ दे."

आजवर उत्तरं देताना त्यांना रुबाब वाटत आला होता. हे काही वेगळंच होतं. ते चक्क खूश झाले होते.

त्या खुशीतच संध्याकाळी धुतलेला सदरा घालून ते ओट्यावर गेले आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "मी चुकलो होतो गड्याहो. पोरगी बराबर होती. सूर्य जवळ नाई येत. आला असता तर शेखरच्या ऑस्ट्रेलियात आता हिवाळा कायले असता? घरी या, टरबुजावर दाखवतो."

टरबुजाबद्दल कोणी विचारलं नाही. केशवराव जवळ सरकून म्हणाले, "तब्येत बरी हाय ना, भाऊ?"

मग वामनराव जागे झाले आणि त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. ते पंजाबरावांनी सांगितलेलं मूळव्याधीचं औषध वर्षभर घेत होते. "म्हणजे थेही चुकलं असन का?"

"असू शकते," पंजाबराव प्रामाणिकपणे म्हणाले. "डॉक्टरले दाखवून तपासून घ्या बाप्पा."

मोबाइलला ज्या कलमाखाली नाकारलं होतं, त्याच कलमाखाली पंजाबरावांना पदमुक्त करण्यात आलं. केशवरावांची नेमणूक त्याच बैठकीत झाली. सूर्य उन्हाळ्यात जवळ येतो, हे धोरण कायम आहे. ऑस्ट्रेलियाचा खुलासाही झाला: त्या देशाच्या चारी बाजूंना समुद्र आहे, म्हणजे नैसर्गिक कूलर.

पंजाबराव आता संध्याकाळी गच्चीवर लेकीबरोबर बसतात. दिवसातून बऱ्याचदा "माहीत नाई" म्हणतात आणि त्यांची भूक सुधारली आहे, असं वच्छलाबाई सांगतात. एकदा एआयनं शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसेल असं सांगितलं. दोघांनी मान दुखेपर्यंत शोधला, नव्हता. तो पहाटे पूर्वेला सापडला. तसं कळवल्यावर एआयनं माफी मागितली. पंजाबरावांना त्याच्याबद्दल तेव्हापासून विशेष आपुलकी आहे. "चुकते, पण कबूल करते," म्हणतात. "लेकरू चांगलं हाय."

वाचकहो, आपण सुशिक्षित आहात आणि एवढा वेळ आमच्या ओट्याला हसलात, ते रास्तच आहे. सूर्य मे महिन्यात लांब असतो, हे आता आपल्याला पक्कं माहीत झालं आहे. आज रात्री जेवताना आपण ते घरच्यांना ठणकावून सांगाल. पण सांगितलं कोणी आपल्याला? मी. मी कोण, काय शिकलो, दुर्बिणीला कधी डोळा लावला का, हे आपण विचारलं नाही. मीही बोलता बोलता कुठं अडखळलो नाही.

केशवरावांना सारखं बसून पाठीचा त्रास सुरू झाला आहे. पद लवकरच रिकामं होईल. आपलं नाव सुचवू का?