टर्की बुडेपर्यंत पाणी

साडेसात किलोची अख्खी टर्की भाजायला कसलंही कौशल्य लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. पक्षी मेलेला असतो. तो पळत नाही, चावत नाही, उलट बोलत नाही. त्याला एक दिवस मिठाच्या पाण्यात बुडवायचं, दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये सारायचं आणि आपण खुर्चीत जाऊन बसायचं. मी, एल्डन टॉरविक, चौतीस वर्षं एल्क फोर्ड गावात टपाल वाटलंय. विस्कॉन्सिनच्या बर्फातून, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांमधून! त्या माणसाला एक टर्की जड जाणार?

माझ्या लेकीला, जोलीनला, मी हे सगळं फोनवर ऐकवलं. कारण तिनं विषयच तसा काढला होता.

"बाबा, आईला जाऊन नऊ महिने झाले. तुम्ही एकटे काय खाता, कसे राहता, मला काही कळत नाही. या थँक्सगिव्हिंगला तुम्हीच इकडे टूसॉनला या. आणि आलात की राहाच."

"राहाच म्हणजे?"

"म्हणजे कायमचे."

टूसॉन पडलं वाळवंटात. तिथं लोक नोव्हेंबरात अर्ध्या चड्डीत फिरतात आणि अंगणात गवताऐवजी खडी पसरतात. तेही चाललं असतं. पण तिथं आर्डिस, माझी बायको, कधी राहिली नव्हती. तिथल्या कुठल्याच दारातून ती आत येताना मला दिसली नसती. आता हे फोनवर कसं सांगायचं? म्हणून मी आवाज चढवला.

"काही गरज नाही! तूच ये इकडे. टर्की मी करणार आहे!"

"तुम्ही?"

"मग? आजवर कोण करत होतं?"

"आई!"

"करायची आई, पण कापायचो मी! निम्मं काम माझंच की!"

झालं. सण गुरुवारी, ती बुधवारी येणार असं ठरलं. टर्की नीट झाली तर बाबा धडधाकट, नाही झाली तर बाबांची रवानगी वाळवंटात, हे दोघांपैकी कुणीही बोललं नाही. पण दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

आर्डिसच्या कृतींचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात टर्कीचं कार्ड सापडलं तेव्हा मी टाळीच वाजवली. मग चष्मा लावून वाचलं.

'पाणी: टर्की बुडेपर्यंत. मीठ: निळा कप, दोन. साखर: त्याहून कमी. संत्र्याची सालं, तमालपत्र, मिरी: वास येईपर्यंत. बुधवारी सकाळी बुडवणे. गुरुवारी परेड सुरू झाली की आत, मॅचच्या मध्यंतरात बाहेर. ओव्हन: नेहमीसारखा.'

नेहमीसारखा! अगं, कुणाच्या नेहमीसारखा? मी एकेचाळीस वर्षं त्या ओव्हनच्या पलीकडच्या खोलीत बसून टीव्हीवर मॅच बघत होतो! ते कार्ड तिनं माझ्यासाठी लिहिलंच नव्हतं. स्वतःसाठी लिहिलं होतं. आपण नसताना कुणाला ते वाचावं लागेल, असं तिच्या मनातही आलं नसणार.

बुधवारी सकाळी कपाट उघडलं, तर निळे कप निघाले तीन. एक बाहुलीच्या खेळातला वाटावा असा चहाचा. एक प्लॅस्टिकचा, मापाच्या रेघा पुसट झालेला. आणि एक टवके उडालेला लोखंडी मग. त्यात आमच्याकडची अर्धी कॉफी मावते. मी शेजारच्या बर्नीसला फोन लावला.

"बर्नीस, आर्डिसचा निळा कप कुठला गं?"

"मला विचारतोस?" ती कडाडली. "एकतीस वर्षं त्या बाईनं मला टर्कीची कृती सांगितली नाही! दर वेळी म्हणायची, अगं, त्यात काय आहे, नुसतं मीठ आणि पाणी. आणि आता कपाची चौकशी माझ्याकडे!"

"अंदाजानं सांग ना."

"अंदाजानं सांगते, तुला जमायचं नाही. उद्या किती वाजता येऊ जेवायला?"

मी तिन्ही कप ओट्यावर मांडले. अक्कल म्हणत होती, मापाचा घे. पण मला दिसत होता तो लोखंडी मग आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली आर्डिसची दहा बोटं, खिडकीशी, बाहेर बर्फ पडत असताना. मी मग उचलला. दोन मग मीठ, शिगोशीग! पाणी उकळलं, संत्र्याची सालं टाकली, तमालपत्र टाकलं. आणि एकदम घरभर तो वास पसरला. नऊ महिन्यांत या घरात कॉफी आणि जळलेला पाव सोडून कसलाच वास आला नव्हता. मी उगाचच जिन्याकडे बघितलं. पाणी निवेपर्यंत तिथंच घुटमळत राहिलो.

आता बुडवायची कशात? फ्रिजमध्ये एवढं भांडं मावेना. मागच्या दाराबाहेर थंडी छान होती, पण तिथं बर्नीसचा कुत्रा ड्यूक! गेल्या वर्षी त्यानं तिथं ठेवलेलं अख्खं हॅम लंपास केलं आणि वर आमच्याकडेच रागानं बघितलं. तेव्हा मला युक्ती सुचली. सहलीची बर्फपेटी घेतली, ती गाडीच्या डिकीत ठेवली, आत टर्की बसवली, वरून गार खारं पाणी आणि चार पिशव्या बर्फ ओतला. झाकण बंद, डिकी बंद, कुलूप! ड्यूकच काय, बँकेवर दरोडा घालणाराही तिथं पोचला नसता.

फक्त दुपारी जोलीनला आणायला मिनिआपोलिसच्या विमानतळावर जायचं होतं. त्याच गाडीनं.

पेटी बाहेर काढायला गेलो तर ती हलेना. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा पेटीऐवजी माझी कंबर हलली. म्हटलं, राहू दे! टर्कीही जरा फिरून येईल.

विमानतळावर जोलीन आली ती पातळ टीशर्टात, कुडकुडत. मिठी मारली आणि लगेच मला वर-खाली न्याहाळलं.

"वाळलात हो, बाबा."

"छे! हा कोट मोठाय."

डिकी उघडताच ती थबकली. "ही पेटी कसली?"

"ती टर्की आहे."

"टर्की विमानतळावर कशाला आणलीत?"

"घरी एकटी कशी ठेवायची?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की टूसॉनचं तिकीट मला तिच्या डोळ्यांतच छापलेलं दिसलं. मग तिनं आपली कापडी बॅग पेटीला टेकवून ठेवली आणि आम्ही निघालो.

दीड तास सगळं सुरळीत. मी हळूहळू चालवत होतो, वळणांवर तर शवपेटी नेताना चालवतात तशी. एल्क फोर्डच्या अलीकडे मक्याची कापलेली शेतं लागली आणि झाडीतून, एकामागून एक, ऐटीत माना हलवत, रस्त्यात उतरल्या... रानटर्क्या! चांगल्या अकरा! थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, भर हमरस्त्यात, जणू मोर्चा घेऊन निघाल्यात!

"बाबा, ब्रेक!"

मी करकचून ब्रेक दाबला. अकराच्या अकरा वाचल्या. बारावी मात्र मागे डिकीत धाडकन आपटली. मग झाकण निघाल्याचा 'फट' असा आवाज आणि पाठोपाठ एक लांबलचक 'खळ्ळ'. नदीला पूर आल्यासारखा.

आम्ही उतरलो. डिकीत तळं साचलं होतं. त्यात मिरी तरंगत होती, तमालपत्रं पोहत होती आणि मधोमध जोलीनची बॅग निवांत भिजत पडली होती. टर्की मात्र पेटीत शाबूत! उरलेल्या पाण्यात पाय पसरून बसलेली, गरम झऱ्यावर आलेल्या म्हातारीसारखी.

"माझे सगळे कपडे त्यात आहेत," जोलीन हळूच म्हणाली.

"मीठ चांगलं असतं कापडाला. रंग पक्का होतो."

"बाबा!"

घरी आलो. सगळे कपडे धुवायच्या यंत्रात गेले. जोलीन पातळ टीशर्टावर टॉवेल गुंडाळून दात वाजवत उभी.

"तुमचा एखादा शर्ट द्या. आईचं तर काही उरलंच नसेल. जूनमध्येच सगळं चर्चला दिलंत ना?"

हो. तसं मी सांगितलं होतं. तीच फोनवर दर आठवड्याला मागे लागायची, कपाट रिकामं करा, बरं वाटेल. एकदा मी म्हणालो, दिलं. ती म्हणाली, शाब्बास. मग ते तसंच राहिलं.

"एल्डन टॉरविकचे शर्ट तुला मोठे होतील," मी म्हणालो. स्वतःचं पूर्ण नाव माणूस गोंधळल्याशिवाय घेत नाही. पण तोवर ती वर गेली होती. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. त्याची बिजागरी कुरकुरते. नऊ महिने ती फक्त मीच ऐकत होतो.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिलो. आता आरडाओरडा होईल. खोटं बोललात, फसवलंत, उद्याच चला टूसॉनला!

बऱ्याच वेळानं ती खाली आली. अंगात आर्डिसचा मोहरीच्या रंगाचा स्वेटर. कोपराला आर्डिसनंच रफू केलेलं.

"याला अजून वास आहे, बाबा," ती म्हणाली.

"हो का?" मी म्हणालो. जसं काही मला माहीतच नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून पेटी आत ओढली, पुन्हा बर्फ घातला, टर्कीची उलटी बाजू पाण्यात केली. चर्चचा विषय कुणी काढला नाही.

गुरुवारी टीव्हीवर सणाची परेड सुरू झाली. टर्की धुतली, पुसली, लोणी चोळलं, आत सारली. ओव्हनच्या खुंटीवर एका आकड्यापाशी रंग पुसला गेला होता. तिथंच खुंटी फिरवली. तोच तिचा 'नेहमीसारखा' असणार! दुपारी बर्नीस क्रॅनबेरीचा सॉस घेऊन हजर झाली आणि मॅचचं मध्यंतरही झालं.

मी वाकून ट्रे ओढला. साडेसात किलो टर्की, वर उकळती चरबी, त्यात माझी कालची कंबर! हातमोजे पातळ होते. चटका बसायला लागला. समोर नळाशी मोहरीच्या रंगाची पाठ होती.

"आर्डिस, कापड दे गं!"

तोंडातून निघून गेलं.

"कुठलं? जाड की पातळ?" पाठीनं विचारलं. तस्संच. मान न वळवता, किंचित वैतागून.

हातात ट्रे आहे हे मी विसरलो. ट्रे कलला, टर्की घसरली आणि ओव्हनच्या उघड्या दारावर तंगडी वर करून बसली. जोलीन वळली. तिला कळलं होतं मी काय म्हणालो ते. तिचे डोळे भरले होते, पण तिनं नाव दुरुस्त केलं नाही.

"जाडच देते," ती म्हणाली.

"पडली का रे?" बाहेरून बर्नीस ओरडली.

"नाही!" मी ओरडलो. "भाजल्यावर विश्रांती द्यावी लागते!"

टेबलावर टर्की आली तेव्हा मात्र मान्य करायला हवं, दिसत होती राजेशाही. मी सुरी परजली. बर्नीसनं काटा आत घालून सारण शोधलं आणि बाहेर काढलं एक कागदी पाकीट. दुकानवाले पक्ष्याचं काळीज-यकृत ज्यात बांधून त्याच्याच पोटात ठेवतात, ते! ते आधी काढायचं असतं म्हणे. कार्डावर नव्हतं.

"चौतीस वर्षं पोस्टमन!" बर्नीस म्हणाली. "आणि एक पाकीट पोचवता आलं नाही?"

जोलीन खदखदा हसली. मीही हसलो. मग सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि हसणं थांबलं.

समुद्र! अख्खा समुद्र त्या घासात होता. जोलीननं डोळे मिटून गिळला. मी पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. संपलं. आता सामान बांधायचं आणि खडी बघायला जायचं.

बर्नीस मात्र चावतच होती. सावकाश, मन लावून. मग तिनं काटा खाली ठेवला आणि नाक पुसलं.

"अगदी आर्डिसच्या हातची," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, मावशी!" जोलीन म्हणाली. "नुसतं मीठ झालंय."

"तिचीही अशीच खारट व्हायची! एकतीस वर्षं खाल्लीय मी. तांब्याभर पाणी पिऊन घरी जायचे दर वेळी. म्हणून तर कृती मागायचे. म्हटलं, एकदा बघू तरी, ही बाई मीठ घालते किती!"

एकेचाळीस वर्षं मी समजत होतो, थँक्सगिव्हिंगला माझा घसा सुकतो तो भावनेनं!

जोलीननं आणखी एक घास घेतला. मग आणखी एक. "खरंच की," ती पुटपुटली. तिनं पाण्याचा जग भरून आणला आणि मधोमध ठेवला. "बाबा, मी ख्रिसमसलाही येईन. पण तेव्हा विमानतळावर तुम्ही एकटेच या."

मी ताट पुढे केलं. छातीचा मोठा तुकडा वाढून घेतला, तो संपवून दुसरा घेतला आणि तंगडीही सोडली नाही. डॉक्टरांनी एप्रिलपासून मला मीठ पूर्ण बंद केलंय, पण ते या गावचे नाहीत आणि तुम्हीही त्यांना कळवायचं काही कारण नाही.