थोरला गड पडला आणि दिवे हिरवेच राहिले त्याची बखर

“अहो पंत, बकरी शिंकली तरी नगारा कशाला बडवता? कानात बोळे घालून बसायचं का आम्ही?”

“सटवोजी, तोंड आवर! नगारा वाजतो म्हणजे पहारा जागा आहे, असं राजेसाहेबांस वाटतं.”

“त्यांस वाटतं, आणि आमचे लोक कापूस घालून घोरतात!”

गणराय वाट दाखवो, शारदा थाप मारू न देवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी ही कटकट भर दरबारी जाहली. राज्याचं नाव विचारू नये. तिथे गड म्हणजे सर्व्हर, गडावरचं दुकान म्हणजे अ‍ॅप, नगारा म्हणजे अलर्ट, आणि दरबारातली हिरव्या-तांबड्या दिव्यांची फळी म्हणजे मॉनिटरिंग, एवढं कळलं की पुरे. अंताजीपंत कारभारी मोठे हौशी, जे मोजता येईल त्या सगळ्यास यांणी नगारा लावविला: कोठार निम्मं भरलं, ठोक, दाराशी चार माणसं जास्त आली, ठोक. पहाऱ्याचे मुखत्यार सटवोजी नाईक, डोकं तापट आणि जीभ त्याहून तापट, ते राजेसाहेबांस बोलिले की, “महाराज, जो ऐकून कोणी उठून काही करायचं नाही, तो नगारा वाजवूच नये. जो वाजेल त्यास माणूस नेमलेला पाहिजे, नाहीतर ‘तो बघेल’ म्हणत सगळेच झोपतात. आणि कोठार भरत आलं की वाजावा, तुडुंब झाल्यावर बोंब मारून काय उपयोग? एवढं माझ्या हाती द्या. मग न कळता एक जरी गड पडला तर हे पागोटं आपल्या पायाशी, आणि नाईकी पंतांच्या मेव्हण्याला.” मेव्हणा तिथेच सुपारी कातरीत होता, तो लगेच सावरून बसला.

राजेसाहेबांनी हुकूम दिधला, मग नाईकांनी फालतू नगारे उतरविले, आणि दुरुस्तीसाठी एखादा गप्प केला तर तो पुन्हा कधी सुरू व्हायचा ते आधीच ठरवून ठेविलं, आणि अशी शांतता जाहली की लोक वाहवा करू लागले, आणि ती वाहवा नाईकांच्या डोक्यात गेली. फळीपुढे पाय पसरून बसावं, मिशा पिळाव्या, आणि पंत दिसले की विचारावं, “काय पंत, कान बरे आहेत ना?” परंतु या मिशाळ शहाण्याने नगारखाना आणि फळीस खबर देणारे जासूद, सगळं थोरल्या गडावरच ठेविलं होतं. का? तर तिथे जागा रिकामी होती आणि जेवण झकास मिळत होतं!

मग एके दुपारी परराज्याचा वकील आला आणि नाईक त्यास फळी दाखवीत बढाई मारू लागले की, “एक दिवा तांबडा दाखवा, मिशी उतरवतो,” तोच ठकूबाई बोहारीण शिपायास ढकलून आत आली.

“मेल्यांनो, भांडी घ्यायला सकाळपासून थोरल्या गडावरच्या दुकानाचं दार बडवतेय, आत चिटपाखरू नाही! आणि इथे दिवाळी मांडून बसलात?”

“बाई, दिवा हिरवा आहे!” नाईक खेकसले.

“मग भांडी काय तुझ्या दिव्याकडनं घेऊ?”

वकील हसला, पंत त्याहून हसले. नाईकांनी फळी निरखिली. एरवी दिवे जरा तरी लुकलुकत, आज एकही हलत नव्हता. गड पडला, आणि जासूद गडाबरोबर पडले, आणि नगाराही आतच मुका जाहला, मग तांबडा दिवा लावणार कोण? शिळी खबरच हिरवी होऊन बसली होती.

पागोटं उतरलं. मेव्हण्याने हात पुढे केला.

“थांबा,” राजेसाहेब म्हणाले. “पंत, नगारखाना वेगळ्या टेकडीवर हवा, हे तुम्ही तरी कधी बोललात?”

पंतांनी मेव्हण्याचा हात खाली ओढिला. मग हुकूम जाहला की पागोटं खुंटीस टांगावं, आणि टेकडीवर नगारखाना होईस्तोवर नाईकांनी बोडक्याने हिंडून, गिऱ्हाईक जातं त्याच वाटेने, दर गडाचं दार ठोठावावं; पागोटं ठकूबाई म्हणेल तेव्हा मिळेल.

तात्पर्य, राखणदार आणि राखायचं ते एका छपराखाली ठेवू नये. खबर आली नाही तर तांबडी समजावी. आतल्यास विचारू नये, बाहेरून दार वाजवावं. आणि अधूनमधून आपणच एखादा गड मुद्दाम पाडून नगारा वाजतो का पाहावं. बखरकारास पुढेही अक्कल पाजळायची होती, पण नाईक बोडक्यानेच उठले:

“बास. दारं ठोठावायची वेळ झाली. निघालो.”