माणदेशात बुडालेला धुळा

"ह्या डोळ्यांतनं पाणी काढणारा अजून जन्माला यायचाय!" असं मनुबाई छातीवर हात मारून सांगायची, आणि तसं सांगायचा तिला अधिकारच होता. मालक गेले तेव्हा ती रडली नव्हती, रडायला आलेल्या बायकांनाच तिनं दम भरला होता, "आवाज खाली! म्हशी बुजत्यात!" एकुलता एक जयराज फौजेत निघाला, सगळी भावकी हुंदके देत एसटीपर्यंत गेली, तेव्हा मनुबाई ड्रायव्हरला सुनावत होती, "नीट ने रं! पोरगं हाय, उसाची मोळी न्हाई!"

तर अशी ही बाई. रहिमतपूरजवळच्या वाडीत चार एकर ऊस, दोन म्हशी आणि अख्खी भावकी एकटीच्या जिभेवर चालवणारी. शिक्षण चौथी. तेही चौथ्या वर्षी मास्तर दमला म्हणून तिथं थांबलं.

तीन आठवड्यांपूर्वी तिची नात शिवांजली चुलीपुढं बसून एक पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होती आणि दूध उतू चाललं होतं. नातीला पत्ता नाही! मनुबाईनं पुस्तक हिसकावलं. दप्तर उलटं केलं तर त्याचाच दुसरा भाग निघाला. उशीएवढी जाड दोन पुस्तकं, वर पोरापोरींची चित्रं. चहाला भावकी जमलेली होतीच. मनुबाईनं तिथंच निकाल दिला, "असल्या पुस्तकांनी डोक्याला वाळवी लागती! पुन्ना घरात दिसलं तर बंबात घालीन!"

"आज्जी, एकदा वाचून तरी बघ," शिवांजली म्हणाली.

"मी? मला काय आता दोन वेण्या घालून शाळंला जायचंय व्हय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला पुतण्या लालासाहेब. त्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, त्यामुळं तो कुणीही काहीही बोललं तरी मोठ्यानं हसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवताना मनुबाईनं पहिलं पान फाडायला हात घातला, आणि एका ओळीवर नजर पडली. विहिरीच्या तळाशी एक दार होतं, असं लिहिलं होतं.

"तळाला दार? कुठल्या गवंड्यानं बसवलं?" मनुबाई पुटपुटली. एवढं एक बघावं आणि मग जाळावं, म्हणून तिनं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. बंब विझला. सुभेदार म्हणून रिटायर झालेला जयराज गार पाण्यानं अंघोळ करत न्हाणीतनं हिंदीत ओरडत होता. मनुबाईला काही ऐकू आलं नाही. ती विहिरीत उतरली होती!

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की मनुबाई धान्याच्या खोलीला आतनं कडी लावायची. "शेंगा निवडतीया, कुणी हाका मारू नगा!" तीन आठवडे झाले, एक शेंग इकडची तिकडं झाली नव्हती. अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत, बैल उताराला लागावा तशी ती वाचत सुटली होती.

गोष्टच तशी होती. माणदेशातला धुळा, वय वर्षं चौदा, मेंढरं राखणारा. विहिरीतल्या दारातनं तो दुसऱ्या राज्यात जातो. तिथल्या राजानं सगळं पाणी भिंतीआड कोंडून ठेवलेलं. धुळाच्या जोडीला माया नावाची पोरगी, बसायला घोड्याएवढा मेंढा! मनुबाईला त्या राजाचा एवढा राग आला, की एका दुपारी तिनं त्याला मोठ्यानं शिव्या घातल्या. "आगं माये, मागं बघ! तुज्या मागंच हाय त्यो मुडदा!" दाराबाहेर सून संयोगिता दचकली. आत उंदीर शिरला असणार, म्हणून तिनं संध्याकाळी पिंजरा लावला. दुसऱ्या दिवशी त्यात मनुबाईचाच अंगठा अडकला. तरी बाई बोलली नाही!

आणि मग तो मंगळवार उजाडला. दुसऱ्या भागाचं शेवटचं पान. धुळानं पहारीनं भिंत फोडली, पाणी सुटलं, राज्य वाचलं, आणि त्या लोंढ्यात धुळा वाहून गेला. मायानं काठावरनं हाका मारल्या. पाण्यानं उत्तर दिलं नाही. पुस्तक संपलं.

मनुबाईनं गळा काढला. साधासुधा नव्हे, साठ वर्षांचं शिलकीतलं रडं होतं ते! म्हशींनी दावी ताणली, शेजारचं कुत्रं केकाटत पळालं. संयोगितानं धक्का देऊन कडी उखडली. मनुबाईनं पुस्तक शेंगांच्या ढिगात खुपसलं.

"आत्याबाई! काय झालं?"

"गेला गं! धुळा गेला!" मनुबाईच्या तोंडून निघून गेलं.

जयराज धावत आला. आई रडतेय, हे दृश्य त्यानं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. सीमेवर तोफा ऐकलेला गडी, पण त्यानं दाराची चौकट धरली. "कोण धुळा, आई?"

आता इथं मनुबाईनं खरं सांगून टाकायला हवं होतं. ती सांगणारही होती! पण जयराजच्या मागं शिवांजली उभी होती. तिनं ‘धुळा’ ऐकलं, शेंगांच्या ढिगातनं डोकावणारा पुस्तकाचा कोपरा बघितला आणि ओढणी तोंडात कोंबली. पोरीचे खांदे हलत होते. मनुबाईनं पदर सावरला. चौथी शिकलेल्या बाईला अब्रू ही एकच पदवी असते.

"माणदेशातला हाय... व्हता. मेंढरं राखायचा," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

"कशानं गेला?"

"बुडून. लोकांसाठनं जीव दिला वाघानं!"

"माणदेशात बुडून? तितं प्यायला पाणी न्हाई, बुडायला कुठनं आलं?"

"आवं, आता कालवं आल्यात तिकडं," संयोगितानं सासूची बाजू सावरली.

"माती कवा हाय?" जयराजनं विचारलं.

"कसली माती! पाण्यानं न्हेला, हातालाच लागला न्हाई," मनुबाईला पुन्हा हुंदका आला.

मेंढरं राखणारा म्हटल्यावर जयराजच्या डोक्यात प्रकाश पडला. ऊस तुटला की दरवर्षी आटपाडीकडचा बिरदेव त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा. चार रात्री कळप रानात बसला की वर्षभर ऊस डुलायचा. मनुबाई त्या माणसांना भाकरी द्यायची, त्यांच्याशी भांडायची, म्हणजे नातं घट्टच होतं. जयराजनं बिरदेवला फोन लावला. "बिरदेवा, तुमच्यातला धुळा गेला म्हणं. कालव्यात."

पलीकडं आधी मेंढरं ओरडली, मग बिरदेव ओरडला. "आमचा धुळाआबा? थोरला चुलता? आवं, कालवा दाराम्होरनंच जातू की! मी हितं कराडकडं रानात, घरी म्हाताऱ्याबिगर कोण न्हाई! तुमाला कुणी सांगितलं?"

"आईला कळलं. रडतीया."

"मनुबाय रडती?" बिरदेव मोडलाच. "मग खरंच गेला वं!"

झालं! बिरदेव रडतोय म्हणून जयराजला खात्री पटली, आणि मनुबाई रडतेय म्हणून बिरदेवला. तासाभरात भावकी दारात बसली. घरात तळण बंद. संयोगितानं पिठलं केलं. मनुबाई दोनदा म्हणाली, "एवढं काय न्हाई रं त्यात," तर सगळे आणखीनच हळहळले, "बघा, दुःख गिळती माउली!" तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं तोच लालासाहेब म्हणाला, "काकी, तुमी काय बोलू नगा. उद्या समदी आटपाडीला जायाचं. बॅनरचं माझ्याकडं लागलं."

"बॅनर कशाला मुडद्या!"

"काकी, तुमच्या डोळ्याला पाणी आलं म्हंजी त्यो लहान माणूस न्हाई!"

बुधवारी सकाळी दोन जीपगाड्या भरल्या. पुढच्या गाडीच्या टपावर बॅनर. डाव्या बाजूला हात जोडलेला लालासाहेब, उजव्या बाजूला हात जोडलेला लालासाहेब. मयताचा फोटो नव्हता, म्हणून मधोमध एक मेंढा. खाली लिहिलेलं, ‘आमचे मार्गदर्शक कै. धुळाआबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. शिवांजली शाळा बुडवून खिडकीशी बसली होती. "मी बी येणार. मला धुळाला बघायचंय," ती म्हणाली. मनुबाईनं तिला असा चिमटा काढला, की पोरगी विटा येईपर्यंत मांडी चोळत होती.

विट्याच्या पुढं ऊस संपला. माळ सुरू झाला, बाभळी सुरू झाल्या, आणि मनुबाईला घाम सुरू झाला. गाडी थांबवावी, पोटात दुखतंय म्हणावं, मरून जावं, असं तिला सगळं वाटून गेलं. पण दोन गाड्यांतल्या बावीस माणसांसमोर ‘मी चौदा वर्सांच्या पोरांचं पुस्तक वाचून रडले’ म्हणायचं? त्यापेक्षा ही जीप कालव्यात गेलेली बरी!

बिरदेवच्या वस्तीच्या तोंडाशी गाड्या थांबल्या. रीतीप्रमाणं बायकांनी तिथूनच गळे काढले. पुरुष टोप्या काढून रांगेनं चालू लागले. पुढं लालासाहेब हार घेऊन, त्याच्यामागं बॅनर. वाटेतल्या एका घराच्या उंबऱ्यावर बसून एक म्हातारा लोकर कातत होता. रडं ऐकून त्यानं कातणं खाली ठेवलं, पटका बांधला, आणि माणुसकी म्हणून तो रांगेत येऊन उभा राहिला.

"कोण गेलं वं?" त्यानं हळूच लालासाहेबाला विचारलं.

"धुळाआबा."

"आरारारा! कवा?"

"काल. बुडून."

"आरं देवा! आन मला कुणी सांगितलं बी न्हाई!" म्हातारा हळहळला. दोन पावलं चालल्यावर त्याला काहीतरी खटकलं. "कुठला धुळाआबा पर?"

"बिरदेवाचा थोरला चुलता."

म्हातारा थांबला. मागचे चौघं त्याच्यावर आदळले. "बिरदेवाचा थोरला चुलता म्हंजी मीच की रं!"

रडं असं थांबलं, जशी विहिरीवरची मोटार लाइट गेल्यावर थांबते. एवढ्यात कळप दुसऱ्याच्या हवाली करून निघालेला बिरदेव मोटारसायकलवरनं आला आणि "आबा!" करून म्हाताऱ्याच्या पायावर पडला. म्हातारा त्याच्याकडं बघेना. तो बॅनरकडं बघत होता.

"मला वाचाय येत न्हाई," तो लालासाहेबाला म्हणाला, "पर मेलो मी, आन फोटू तुजं दोन?"

"फोटो मिळाला न्हाई, आबा."

"मग मेंढा तरी बरा घ्यायचा! रोगट दिसतंय जनावर."

आता सगळ्यांच्या माना मनुबाईकडं वळल्या. जयराजनं फौजी आवाजात विचारलं, "आई, तुला कुणी सांगितलं धुळा गेला म्हणून?"

मनुबाईनं आभाळाकडं बघितलं. आभाळात मदतीला एक ढग नव्हता.

"पुस्तकात लिवलंय," ती म्हणाली.

"कुठल्या पुस्तकात?"

"हिच्या! बंबात घालायच्या!" आणि मग पाणी सुटलं. "ह्यो धुळाआबा न्हाई रं मुडद्यानु! चौदा वर्साचा धुळा! त्यानं भिंत फोडली, समद्या राज्याला पाणी दिलं, आन आपण वाहून गेला! तुमी कवा टमरेलभर तरी पाणी दिलंय का कुणाला? रडले मी! काय म्हणनं हाय?"

कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. लालासाहेबाचं मात्र होतं. तो बॅनरला टेकून हसत सुटला. "काकी! तुमी तर म्हणत व्हता, तुमाला रडवणारा अजून जन्माला यायचाय!"

"मग? आलाय का जन्माला?" मनुबाई कडाडली. "पुस्तकातला हाय त्यो!"

धुळाआबानं मान डोलावली. "बाय, माझ्या नावाचं पोरगं एवढं शूर व्हतं व्हय? मग चुकलं न्हाई तुमचं. आत चला, च्या घ्या. आन कसं कसं झालं ते पयल्यापास्नं सांगा. ती भिंत पहारीनं फोडली का सुरुंग लावला?"

बावीस माणसं अंगणात बसली. मनुबाईनं पदर खोचला आणि विहिरीपासून सुरुवात केली. दोनदा चहा झाला. घोड्याएवढ्या मेंढ्यापाशी बिरदेवनं शंका काढली, की एवढ्याला चारा किती लागत असेल, तेव्हा भावकीनंच त्याला गप्प केलं. भिंत फुटली, धुळा वाहून गेला, आणि जयराजनं डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून टोपी तोंडावर ओढली.

तेवढ्यात शिवांजली म्हणाली, "आज्जी, पण तो खरं म्हणजे तिसऱ्या भागात..."

"गप!" मनुबाई अशी ओरडली, की वस्तीवरच्या कोंबड्या छपरावर गेल्या. "पुढचं एक अक्षर काढशील तर जीभ हासडीन! माझं मी वाचणार हाय!"

हे आपण सगळ्यांसमोर बोललो, हे तिला जरा उशिराच कळलं.

बॅनर परत आणायचा विषयच निघाला नाही. धुळाआबानं तो कोकरांच्या खोपटावर टाकून घेतला. उन्हाला बरा होता.

दुसऱ्या दिवशी मनुबाईनं दूध स्वतः बघितलं, शिवांजलीच्या कपात दोन बोटं साय घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा मऊ आवाज काढला. "बाळा, त्यो तिसरा भाग कुठं ठिवलायस गं?"

"तो गावच्या वाचनालयातला होता, आज्जी. मी कधीच परत दिला."

"मग जा की! घिऊन ये!"

"गेले होते सकाळीच. नंबर लावावा लागतोय." पोरीनं साय चाटत बोटं मोजली. "जीपमधल्या नऊ जणांनी नंबर लावलाय. पप्पांचा चौथा हाय. बिरदेवमामांनी फोनवरनं धुळाआबांचा लावलाय, वाचून दाखवायला तूच जायचंयस म्हणं. तुझा अकरावा."

"आन आता कुणाकडं हाय?"

उत्तर पोरीला द्यावं लागलं नाही. पलीकडच्या आळीतनं, लालासाहेबाच्या माडीवरनं, एक पुरुषी आवाज ओरडला, "आगं माये, मागं बघ!"