मसणखाणीचे पुढचे भाग

त्या रविवारी दुपारी लिफ्ट कोसळली आणि मुलीला जाग आली.

लिफ्ट पडद्यावरची होती. 'मसणखाण' नावाच्या सिनेमांच्या मालिकेत खाणीत गाडले गेलेले कामगार दर भागात नव्याने उठत, चार-पाच बंदूकवाले त्यांना दर भागात नव्याने मारत आणि, तिच्या माहितीप्रमाणे, दर भागात शेवटाकडे एक लिफ्ट धाडकन खाली जाई. तेवढा आवाज झाला की कोचावर कलंडलेली मुलगी डोळे उघडी. तोवर पडद्यावर नुसती धूळ असे. त्या धुळीकडे बघत, जणू डोळे कधी मिटलेच नव्हते अशा चेहऱ्याने ती म्हणे, "छान घेतलंय."

"मागच्या भागापेक्षा?" बाबांनी विचारलं.

"बरंच. मागच्यात जरा घाई झाली होती."

"अस्सं." बाबांनी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली. "हा आठवा. किती देतेस?"

"दहापैकी साडेसहा."

बाबांनी साडेसहा लिहिले. लिहिताना त्यांचे खांदे गदगदले. खोकला असेल, असं तिला वाटलं.

"पाणी देऊ का?"

"नको गं," बाबा डोळे पुसत म्हणाले. "संपली एकदाची मालिका. आता निकाल लावायचा."

कसला निकाल, हे तिने विचारलं नाही. तिला बस गाठायची होती.

बाबांनी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. सिनेमात कोण कोणाला खातं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. लिफ्ट कशी पडते तेवढं ते बघत. "मुडदा कितीही मेलेला असो, दोराला वजन कळतंच," असं ते म्हणत. मुलगी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. आठवडाभर दुसऱ्यांचे अनुस्वार वेचायचे आणि महिन्यातून एका रविवारी बाबांकडे मसणखाण बघायला जायचं. पहिले तीन भाग तिने जागेपणी पाहिले होते. चौथ्यापासून शीर्षकं संपायच्या आत तिची मान पडायला लागली. तिच्या स्वतःच्या घरी पलंग होता, गादी होती, जाड पडदे होते. झोप तेवढी नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांना आवडीचा सिनेमा कोणाबरोबर तरी बघायचा असतो, आपण झोपलो हे कळलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून ती गुण ठोकून देत आली.

बुधवारी बाबा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, पायांत चपला तशाच.

दीड महिन्याने फोन आला. बाबा ज्या सिनेमंडळात जायचे, त्याचे चिटणीस बोलत होते. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या माडीवर जमणारी दहा-बारा माणसं.

"ताई, येत्या रविवारी दुपारी चारला या. मसणखाणीच्या पुढच्या भागांचा निकाल आहे. पाचवा ते आठवा. जो पहिला येईल तो आम्ही दर वर्षी तुमच्या वडिलांच्या आठवणीत दाखवणार. आणि परीक्षक तुम्ही."

"मी?"

"त्यांनीच ठरवून ठेवलंय. तारीखसुद्धा. म्हणायचे, माझ्या मुलीची नजर फार बारीक. दर महिन्याला दोघं मिळून बघतो. सगळे भाग पाहिलेत ना तुम्ही?"

नाही म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. त्या अर्ध्या क्षणात तिला दिसलं की ते 'नाही' वाचनालयाची माडी चढेल, बाबांच्या मित्रांच्या कानांवर पडेल, आणि मग बाबांनी इतके महिने मंडळात मारलेली फुशारकी खोटी ठरेल. शेवटचे रविवारही.

"हो," ती म्हणाली.

"वा! आणि त्यांची वही आणा. तुमचे गुण त्यात आहेत म्हणाले होते."

वही तिच्याकडेच होती. पण बाबांचं अक्षर बघायचा धीर होत नव्हता, म्हणून ती कपाटात चादरींच्या खाली होती.

एकदा हो म्हटल्यावर ते निस्तरणं आलं. चार सिनेमे, हातात सहा दिवस. बघून टाकू, असं म्हणून ती कामावरून परस्पर बाबांच्या घरी गेली. खणात चारही डबे ओळीने होते. चारही रिकामे. डब्यांच्या मागचा मजकूर वाचून वेळ मारून नेऊ म्हटलं, तर चारही डब्यांवर एकच चित्र आणि एकच वाक्य: 'या वेळी ते परत आले आहेत.' फक्त आकडा बदललेला. तिने सवयीने मुद्रणदोष शोधला. तोही नव्हता.

टीव्हीखालच्या यंत्राचा कप्पा उघडला तर आत एक तबकडी होती. तिच्यावर चार लिहिलेलं. म्हणजे शेवटच्या दिवसांत बाबा एकटेच जुना भाग काढून बघत होते तर! तिने कप्पा हळूच बंद केला.

खालच्या मजल्यावरून आत्या वर आली. ही बाबांची थोरली बहीण. तोंडाने फटकळ, पण रोज भावाच्या खोलीतला दिवा लावून जायची.

"काय शोधतेस?"

मुलीने सगळं सांगितलं.

"मग सांग ना त्यांना, मी झोपत होते म्हणून. झोपणं काय गुन्हा आहे?"

"आत्या, बाबांनी सगळ्यांना सांगितलंय की माझी नजर बारीक आहे."

"तुझा बाप माणूस म्हणून लाखात एक. पण कौतुक करायला बसला की त्याला ताळतंत्र राहत नसे." आत्याने खुर्चीवरची उशी उगाच सरळ केली. "आणि बोलायला गेला की त्याहून कठीण. तुम्ही दोघं सारखीच. घशात दगड अडकला तरी म्हणाल, काही नाही, जरा खवखवतंय."

मुलगी सिनेमांच्या दुकानात गेली, तर दुकानदाराने तिच्याकडे वर-खाली पाहिलं. "पाचव्यानंतरचे? मागवावे लागतील, पंधरा दिवस जातील. पण ताई, कशाला?"

शनिवारपर्यंत तिची अवस्था अशी झाली की छापखान्यातून आलेल्या भूगोलाच्या पुस्तकात 'खनिज' शब्द दिसला तरी पुस्तक मिटून टाकावं. शेवटी तिने नववीतल्या मुलासारखा उपाय केला: सगळ्याच प्रश्नांना चालेल असं एक उत्तर पाठ केलं. गती, वातावरण, पात्ररचना. आणि लिफ्ट. लिफ्टबद्दल मात्र तिला खात्री होती. लिफ्ट तिने दर वेळी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

रविवारी चारला माडी भरलेली होती. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवली होती. ती कोणाची, हे कोणी सांगायची गरज नव्हती. एका बाजूला दाताचे डॉक्टर बसले होते. ते पाचव्या भागाचे कट्टर. दुसऱ्या बाजूला निवृत्त मुख्याध्यापिका, त्या आठव्याच्या. दोघांत सहा महिने बोलणं नव्हतं.

"सिनेमे आता पुन्हा दाखवत नाही," चिटणीस म्हणाले. "सगळ्यांनी एकेकदा सोसलेत. परीक्षक ताई थेट निकाल सांगतील."

ती उभी राहिली. गती झाली, वातावरण झालं. डॉक्टर मान डोलावत होते. तिला जरा हुरूप आला. इथेच थांबली असती तर सुटली असती.

"आणि मुख्य म्हणजे लिफ्ट," ती म्हणाली. "चारही भागांत लिफ्ट कोसळते, पण प्रत्येक वेळी निराळी. पाचव्यात जरा घाईने. आठव्यात मात्र अगदी सावकाश, वजन जाणवेल अशी."

डॉक्टरांची डोलणारी मान थांबली.

"आठव्यात?" मुख्याध्यापिकांनी चष्मा वर केला. "आठवा भाग जहाजावर घडतो."

"जहाजावर... लिफ्ट..."

"मासेमारीचं आहे. शिडीसुद्धा धड नाही."

"आणि पाचवा शेतात आहे," डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत प्रथमच दोघांचं एकमत झालं होतं. "पैसे संपल्यावर त्यांनी खाणच सोडली. लिफ्ट पडते ती चौथ्यापर्यंतच. तुमच्या वडिलांनी आम्हाला शंभर वेळा सांगितलंय, सगळ्या मालिकेत चौथ्यातलीच लिफ्ट बरोबर पडते."

चिटणीस मदतीला धावले, आणि मदतीनेच घात केला. "अहो, बोलताना गल्लत होते. वहीत आहेत ना गुण, ते वाचा. ताई, वाचा."

पळायला जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी आत्या बसलेली. मुलीने वही काढली. बाबांचं उभं, सुटं अक्षर, जसं ते लिफ्टवर सूचना लिहीत तसं. ती वाचायला लागली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

"'पाचवा. मंडळात पाहिला. लिफ्टच नाही. मुलीला कशाला ताप? डबा पाचव्याचा दाखवला, आत चौथा लावला. लगेच झोपली. लिफ्टला उठली. गुण चार.'"

कोणीतरी खाकरलं. तिने पान उलटलं.

"'सहावा. पुन्हा चौथाच लावला. गुण सात. सिनेमा सुधारतो आहे.'"

मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि दाबलं गेलं.

"'सातवा. चौथाच. गुण पाच. म्हणाली, नायिकेचं काम कमी पडलं. चौथ्यात नायिका नाही.'"

आता दाबणं कोणाच्या हातात राहिलं नाही. डॉक्टर मुख्याध्यापिकांच्या खुर्चीचा हात धरून हसत होते. मुलगी मात्र पुढची ओळ बघत होती.

"'आठवा. चौथाच. साडेसहा. हसू आवरेना. पाणी देऊ का, म्हणाली.'"

खोकला नव्हता तो. तिने पान उलटलं. पुढे थोडंच होतं, आणि ते मनात वाचावं असं तिला वाटलं. पण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि परीक्षक तीच होती.

"'तबकड्या मंडळाला दिल्या. निकाल तिलाच लावायला लावू, म्हणजे पकडली जाईल. रागावेल. रागावू दे, जागी तरी राहील. मग घरी जाताना विचारीन. सरळ विचारायला जमत नाही. बाळ, तुला तुझ्या घरी झोप लागत नाही का?'"

हसू कधी थांबलं ते कळलं नाही. थट्टा करणारा गेला होता. थट्टा बिचारी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या मागे हा प्रश्न.

"मग निकाल?" डॉक्टर अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

"मला पाचवा ते आठवा ठाऊक नाहीत," ती म्हणाली. "चौथाही ठाऊक नाही. चौथ्याला दहापैकी दहा."

"चौथा स्पर्धेत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि लगेच, "पण असू दे. लावा."

चिटणिसांनी कपाटातून चौथ्याची मंडळाची प्रत काढली, खिडक्या लावल्या. शीर्षकं संपली. तिची मान पडली नाही. कामगार उठले, बंदुका वाजल्या, आणि शेवटाकडे लिफ्ट सुटली. आधी एक दोर, मग दुसरा, मग ब्रेक पकडायचा प्रयत्न करतात आणि पकडत नाहीत, आणि मग धूळ. धुळीच्या आधी इतकं सगळं होतं, हे तिला आज कळलं.

ती रिकाम्या खुर्चीकडे वळली. जिन्याशी ओळखीचं खाकरणं ऐकू आलं, आत्याचं, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

"नाही लागत, बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दोन वर्षं झाली. फक्त तुमच्याकडेच लागायची. मी सिनेमा बघायला येतच नव्हते."