पक्षीनामनिश्चिती उपसमितीचा चहा

कोणत्याही सजीवाचं रक्षण करायचं, तर आधी त्याचं नाव शुद्ध लिहिता आलं पाहिजे. अशुद्ध नावाचा प्राणी वाचवायला जावं आणि भलताच वाचायचा. हे ध्यानात घेऊनच कासार आंबोलीच्या माळावरच्या बंगल्यांच्या सोसायटीने पक्षीनामनिश्चिती उपसमिती नेमली. या माळावर पूर्वी तितर असत. माळ सपाट करून बंगले झाल्यावर सोसायटीला त्यांचंच नाव द्यावं, असा कृतज्ञ विचार पुढे आला. (ज्याची जागा घ्यायची त्याचं नाव लावायचं, ही आपल्याकडची सभ्य रीतच आहे.)

फक्त ते नाव तितर, तित्तर की तित्तिर, हे ठरेपर्यंत पाटी नव्हती. पाटी लागेपर्यंत उद्घाटन नव्हतं आणि उद्घाटनापर्यंत फाटक बंद. भैरोबाची जुनी वाट नेमकी त्या फाटकातून वर जायची. गावच्या वतीने उपसमितीत घेतलेल्या आशालताकाकूंचा दर रविवारी भैरोबाला जायचा नेम. तो आता ओढ्यातून, काट्याकुट्यातून, गुडघे धरत पाळावा लागे. म्हणून पहिल्याच सभेत पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या, "नाव ठरून फाटक उघडंस्तवर म्या च्या सोडला."

सभेने टाळ्या वाजवल्या. त्याग इतिवृत्तात नोंदला गेला, आणि मग चहा आला. तो काकूंच्याच घरून येई, आलं घालून, किटलीभर. काकू सगळ्यांना ओतून देत आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसत. (वास घेतल्याने व्रत मोडत नाही, असं गावच्या पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी सांगितलं होतं, पण देवाने पाहिलंच तर काय घ्या.)

उपसमितीचं काम खोल होतं. अध्यक्ष बेहेरेसर तित्तिरच्या बाजूचे. पुराणात एका शिष्याने गुरूशी बिनसल्यावर शिकलेली विद्या ओकून टाकली आणि बाकीच्या शिष्यांनी तित्तिर होऊन ती टिपून घेतली, तेव्हा या नावाला धर्माचा आधार आहे, असं ते सांगत. (ही शिक्षणपद्धती पुढे सर्वत्र रूढ झाली.) हिंजवडीत नोकरी करणाऱ्या वैभवीचं म्हणणं, पक्षी ओरडतो तसं त्याचं नाव. "सर, ऑनलाइन पोल घेऊ या ना!" पोलमध्ये 'सांगता येत नाही' प्रचंड बहुमताने निवडून आलं. शेवटी मेंढरं राखणाऱ्या बहिरूला साक्षीला बोलावलं.

"या शब्दाचा अर्थ काय?" सरांनी विचारलं.

"अर्थ? रस्सा," बहिरू म्हणाला. मग चपापला. "आज्जा सांगायचा, हां! आमी न्हाई खाल्लं. आता कायदा हाय."

हा अर्थ पुढील अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आला.

उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. काकूंच्या त्यागाने उपसमितीला असं काही पावित्र्य आलं, की नाव घाईने ठरवणं म्हणजे एका बाईच्या व्रतात विघ्न आणणं, असं सर्वांना मनापासून वाटू लागलं.

"काकू, तुमच्या पुण्याईवर तर चाललंय हे," सर दुसऱ्यांदा कप पुढे करत म्हणाले.

त्याच रविवारी काकू ओढ्यात घसरल्या. पुढच्या सभेला मनगटाला फडकं बांधून आल्या, किटलीशिवाय.

"चहा?" सरांनी दाराकडे बघितलं.

"गुरुजी म्हणाले, सोडलेली वस्तू दुसऱ्याला पाजली, तर पिणाऱ्याला बी दोष लागतो. माझं ऱ्हाऊ द्या, पन सर, तुमास्नी कशाला पापात घालू?" (गुरुजींना हे अजून कळलेलं नाही.)

वैभवीने कपाळ दाबून धरलं. सरांनी एकदा पुराणाला हात घातला, पण ते कोरड्या घशात अडकलं. मग ते म्हणाले, लोक म्हणतात तेच अखेर शास्त्र, तितर! वैभवीने त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अनुमोदन दिलं.

पाटी लागली, फाटक उघडलं. काकूंनी सरळ वाटेने वर जाऊन भैरोबापुढे नारळ वाढवला आणि घरी येऊन पायरीवर बशीत ओतून चहा भुरकला, एकीपाठोपाठ एक बशी. सोसायटीने सकाळ-संध्याकाळ स्पीकरवर तितराचा आवाज लावला आहे. तो फार खणखणीत येतो.

माळावर खरा तितर शेवटचा कधी दिसला, हे उपसमितीत कुणी विचारलं नाही. आपणही इथवर आलात ते काकूंना चहा कधी मिळतो, एवढंच बघत. सोसायटीला अशाच माणसांची गरज आहे. पुढची उपसमिती सशावर नेमली आहे. आपलं नाव त्यात घातलं आहे.