नुसता अंगठा चालणार नाही

काळाचौकीच्या रमाकांत तिरोडकरांनी आयुष्यात कधी हार मानली नव्हती. (मानायची वेळ पुष्कळदा आली, ते मानत नसत, एवढंच.) गणपती मंडळाची वर्गणी वर्षानुवर्षं त्यांनीच काढली. दार बंद दिसलं की आत पंखा फिरतोय का, ते खिडकीतून बघत आणि मग कडी वाजवत. अशा माणसाने फेसबुकवरून देणग्या गोळा करायचं ठरवलं, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

पण घर वेगळ्याच काळजीत होतं. त्यांची बायको शेवंती आणि शेजारची रखमा रोज सकाळी परळला जाऊन इस्पितळांबाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्या पेशंटांच्या नातेवाइकांना गरम पेज वाढत. त्यासाठी एक लहानशी संस्थाही काढली होती. आता तांदूळ तळाला गेला होता आणि गॅसवाला उधारीचं नाव काढू देत नव्हता. सोमवारपासून पेज बंद पडणार होती. शेवंती गप्प गप्प असे, आणि शेवंती गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

सून प्राचीने फेसबुकवर संस्थेचं पान काढून पेजेच्या टोपाचा फोटो टाकला. लाईक भराभर आले. पैसा एकाचाही नाही.

"बाबा, आधी लोकांशी नातं जोडायचं असतं," प्राची म्हणाली. "मागायचं नंतर."

"नातं जुळेपर्यंत त्या फुटपाथवरच्यांनी काय खायचं? आणि अंगठा दाखवला म्हणजे हो म्हटलं ना?"

"लाईक म्हणजे फक्त आवडलं, बाबा."

"आवडलं ना? मग पावती फाडतो."

मंडळात वर्गणी थकवणाऱ्याचं नाव आरतीनंतर माईकवर घेतलं जाई. रमाकांतांनी तीच पद्धत फेसबुकवर आणली. एकेकाचं नाव घेऊन ते चारचौघांत लिहू लागले : 'तिसरा मजला, हितेंद्र यांचे हृदय मिळाले. पैसे येणे बाकी.' 'अँटॉप हिलच्या आकांक्षाताई, रडका चेहरा पोचला. रडून पेज शिजत नाही.'

एवढ्यावर थांबतील तर ते तिरोडकर कसले? पावतीपुस्तक घेऊन ते घरोघर निघाले. पहिला सापडला हितेंद्र.

"काका, चुकून बोट लागलं ओ!"

"मग चुकून खिशालाही लागू दे."

"मी जेवतोय, काका."

"जेव ना. मी बसतो." आणि ते खरंच बसले. हितेंद्रची आई लाजेकाजेस्तव ताट वाढू लागली, तेही त्यांनी नाकारलं नाही.

घरी प्राची कपाळाला हात लावून बसली होती. "बाबा, लोक धडाधड पान सोडून चाललेत!"

"जाऊ देत. जाऊन जातील कुठे? बहुतेकांची घरं मला माहीत आहेत."

"माफीची पोस्ट टाका. प्लीज."

"माफी?" रमाकांत ताडकन उठले. "मी काय माझ्या दारूसाठी मागतोय? आई आत अ‍ॅडमिट असलेला पोरगा बाहेर उपाशी बसतो, त्याच्यासाठी मागतोय. फेसबुकने हाकललं तर मी चौकात माईक लावीन. माफी मागणार नाही!"

सासऱ्यांचा प्राचीला भयंकर राग आला होता, आणि त्याच क्षणी त्यांचा अभिमानही वाटला. तिने फोन उचलला आणि कुणाला न विचारता पोस्ट टाकली : 'पेजेला मदत करा. देणगीदाराच्या घरी रमाकांत तिरोडकर येणार नाहीत, ही संस्थेची हमी.'

रविवारी सकाळी फोन टिणटिण वाजायला लागला तो थांबेचना. लालबागवाल्यांनी पाठवले, आकांक्षाताईंनी पाठवले, हितेंद्रने तर दोनदा पाठवले. नाशिकच्या लोकांनीसुद्धा धोका पत्करला नाही. दुपारी सिलेंडर आला, संध्याकाळी तांदूळ आला.

"बघा!" रमाकांत छाती काढून म्हणाले. "शेवटी माझ्या नावावरच पैसे आले की नाही?"

शेवंती कित्येक दिवसांनी हसली. पदराला हात पुसत तिने डब्यातून नोट काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

"प्राची, माझी पण पावती फाड गो. पण आधी सांग, त्या हमीत आमचा घर येता मां?"